दोनदा म्हणजे मागे

वाचनकाका घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरले की कुठेतरी दोनदा टकटक व्हायची. कधी शेजारणीने चमचा पातेल्याच्या काठावर आपटलेला असे, कधी गच्चीवरच्या टाकीचा पाइप ठोके देई, कधी कुणाची खिडकी वाऱ्याने आदळे. आवाज कसलाही असो, दोनदा झाला की काका जागच्या जागी थांबत आणि मागे जात. कुलूप काढून पुन्हा लावत. चहा गाळून झाला असेल तर तो ओतून नवा टाकत. एकदा रस्ता ओलांडून पलीकडे पोचले आणि मागून हॉर्न दोनदा वाजला, तर हे गृहस्थ भर रहदारीतून परत अलीकडे. मुलीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"काय दाखवू? कान?" काका म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. हे सगळं तेव्हापासूनचं. आणि ते का सुरू झालं, हे काकांनी पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं.

टकटकीची भाषा मुळात छापखान्यातली. ऐन विशीत काका एका छापखान्यात लागले ते वाचण्याच्या कामावर. लेखकाने हाताने लिहिलेला मजकूर त्यांनी मोठ्याने वाचायचा आणि समोरच्या माणसाने छापून आलेल्या कागदावर तो शब्द न् शब्द ताडून बघायचा. समोरचं माणूस म्हणजे एक सडपातळ, कमी बोलणारी मुलगी. भिंतीपलीकडे यंत्रांचा धडधडाट चाले, त्यात 'पुन्हा वाचा', 'थांबा' असं ओरडून घसा बसायचा. म्हणून तिने पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायला सुरुवात केली. दोनदा म्हणजे मागे जा, काहीतरी राहिलं. एकदा म्हणजे बरोबर आहे, पुढे चला. तीन वर्षं असं वाचून झाल्यावर एका दुपारी या वाचणाऱ्या पोराने हातातला कागद खाली ठेवला आणि लग्नाचं विचारलं. तिने मान वर न करता दोनदा वाजवलं. तो घाबरला. घाम पुसून त्याने पुन्हा विचारलं, या वेळी न अडखळता. मग एकदा वाजलं.

संसारही असाच झाला. भाजीत मीठ जास्त पडलं तर काका दोनदा वाजवत आणि काकू डोळे वटारून बघत. पण खरी सत्ता पेन्सिलीचीच, आणि पेन्सिल काकूंच्या हातात. काकूंनी वाजवलं आणि चूक निघाली नाही, असं चाळीस वर्षांत घडलं नाही. काका हे जगाला कौतुकाने सांगत आणि मनातल्या मनात थोडे चरफडतही. बायको नेहमी बरोबर असते हे सांगायला बरं असतं, सोसायला नसतं.

छापखाना बंद पडला तेव्हा दोघं बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात जाऊ लागली. दृष्टी नसलेल्या माणसांसाठी तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एका खोलीचे काचेने दोन भाग केलेले. आतल्या भागात भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक माईक, एक दिवा आणि पुस्तक टेकवायची उतरती फळी. पुस्तक घसरू नये म्हणून त्या फळीला खाली बोटभर पट्टी होती. आत काका वाचत. काचेबाहेर काकू कानाला हेडफोन लावून, त्याच पुस्तकाची दुसरी प्रत पुढ्यात घेऊन बसत. दोन्ही भागांत बोलायला एक यंत्र होतं, पण ते बिघडलेलं, आणि ते दुरुस्त करा असं दोघांपैकी कुणी कधी म्हणालं नाही. काकू पेन्सिलीने काचेवर वाजवत. चुकलेल्या ओळीशेजारी समासात एक ठिपका देत, ओळ सुधारून आली की बरोबरची खूण करत. ते ठोके रेकॉर्डिंगमध्ये येत, चुकीचं वाचनही येत, आणि आठवड्याच्या शेवटी काकू बसून तो सगळा कोंडा पाखडून टाकत, मग झालेली प्रकरणं ऐकणाऱ्यांकडे जात. ऐकणाऱ्याला वाटे, काय बाई हा माणूस, एक चूक करत नाही!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. दिवा काकांच्या बाजूला आणि काकूंची बाजू अंधारी, काचेतून येईल तेवढ्याच उजेडाची, त्यामुळे काच काकांच्या दृष्टीने नुसता आरसा होती. मान वर केली की त्यांना स्वतःचं तोंड दिसे. बाहेर बायको बसली आहे हे त्यांना फक्त ऐकू येई.

शेवटचं पुस्तक होतं जुन्या ग्रीक वीरांच्या कथांचं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : आजच्या वाचकांसाठी नव्याने सांगितलेल्या. नव्याने म्हणजे त्या वीरांचे मुकुट-बिकुट उतरवून ठेवले होते. भाऊबंदकी, रुसवेफुगवे, बापाने केलेला पक्षपात, हे सगळं आपल्याच चाळीत चालल्यासारखं. काकांना ते आधी आवडलं नाही. "वीर म्हणायचं आणि हा तर आपल्या वरच्या मजल्यावरच्या जावयासारखा वागतो," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "म्हणून तर खरं वाटतं." नावं तर अशी की एक उच्चारलं की घोटभर पाणी प्यावं. काकूंनी काकांच्या प्रतीत प्रत्येक नावावर पेन्सिलीने टोपणनाव लिहून ठेवलं, म्हणजे कोण कोणाला मारतोय याचा घोळ नको. दोरा धरून चक्रव्यूहातून बाहेर आला तो 'दोरेवाला'. ज्याची टाच तेवढी कच्ची तो 'टाचवाला'. आणि दांडगट, खादाड, बारा अवघड कामं केलेला तो 'बाराकामे'. काका वाचताना खरं नाव वाचत, पण घरी गप्पा टोपणनावांनीच चालत. "तो बाराकामे आज पुन्हा कुणाच्या तरी घरी जेवायला जाऊन बसलाय," असं काकू कपडे वाळत घालता घालता म्हणत.

त्या बाराकाम्याच्या मित्राची कथा आठव्या प्रकरणात सुरू झाली. मित्र राजा. त्याचं मरण जवळ आलं, पण देवाने सवलत दिली की तुझ्याऐवजी दुसरं कुणी मरायला तयार असेल तर तू वाचशील. राजा दारोदार फिरला. पिकलं पान झालेल्या आईबापांनीसुद्धा हात झटकले. शेवटी राणी म्हणाली, मी जाते. तिथे आठवं प्रकरण संपलं.

नववं प्रकरण वाचायला बसले त्या सकाळी काकूंनी चहा अर्धाच प्यायला होता. "पाठीत उसण भरलीय," म्हणाल्या. काका म्हणाले, "मग आज नको." त्या म्हणाल्या, "नको काय? लोक राणीसाठी खोळंबलेत."

चार पानं बरी गेली. मग काचेवर दोनदा वाजलं. काका मागे गेले, परिच्छेद पुन्हा वाचला. पुन्हा दोनदा वाजलं. काकांनी पुन्हा वाचला, आता जरा आवाज चढवून, कारण चूक कुठे होती हे त्यांना काही केल्या दिसेना. पुन्हा वाजलं. काका वैतागले आणि पुढे वाचत गेले. त्यानंतर टकटक झाली नाही. एकही नाही. प्रकरण संपेपर्यंत वीस मिनिटं ते सलग वाचत राहिले आणि मनात म्हणाले, बघ, आज एक चूक नाही माझी. दिवा बंद करून बाहेर आले तर काकू उघड्या पुस्तकावर डोकं टेकून होत्या.

"झोपलीस होय?" काका हसून म्हणाले.

दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. "जरा आधी आणलं असतं तर..." एवढंच म्हणून तो थांबला. पण ते अर्धं वाक्य काकांच्या कानात घर करून राहिलं. चूक नव्हती, तरी ती वाजवत होती. म्हणजे ती हाक मारत होती. आणि आपण काय केलं? परिच्छेद वाचला, शुद्ध उच्चारांत, तीन तीन वेळा. बायको काचेपलीकडे जीव तोडून बोलावत होती आणि आपण तिला एका राणीच्या मरणाचं वर्णन ऐकवत होतो. तिसऱ्या खेपेला तर आपल्याला चक्क राग आला होता. काका त्या दिवसानंतर ग्रंथालयाची पायरी चढले नाहीत. पण ठोके त्यांच्याबरोबर घरी आले, आणि आता ते प्रत्येक ठोक्याला मागे जात होते. तेव्हा जायला हवं होतं ते आता जात होते.

वर्षभराने ग्रंथपालबाईंचा फोन आला. महिनाअखेर सगळी रेकॉर्डिंग नव्या यंत्रणेत जाणार होती. अर्धवट पुस्तकं पुसून टाकायची आणि ती संगणकाच्या आवाजात नव्याने करायची, असं वरून ठरलं होतं. "तुमचं ग्रीक वीरांचं पुस्तक त्यात आहे काका. पूर्ण करताय का? नाहीतर शुक्रवारी जाईल."

"जाऊ द्या. पुसून टाका," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कानसेन उभा. हा ग्रंथालयाचा सगळ्यांत जुना श्रोता. जन्मापासून आंधळा. एका मोठ्या कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्याने चाळीस वर्षं काढली होती. फोन करणारा नुसता श्वास घेई तेवढ्यावरून हा सांगे की बातमी चांगली आहे की वाईट. म्हणून नाव कानसेन पडलं, आणि ते त्याला आवडत असे.

"पुसायला सांगितलंत म्हणे," खुर्ची चाचपत तो म्हणाला. "अहो, वर्षभर ती राणी माझ्या डोक्यात अर्धी मेलेली पडून आहे. मरते की जगते ते तरी सांगा. संगणकाच्या तोंडून मला तिचं मरण ऐकायचं नाही. तो 'राणी मेली' आणि 'गाडी उशिरा आहे' एकाच सुरात म्हणतो."

"माझ्याने होणार नाही."

"का?"

तेवढ्यात शेजारी कुणीतरी खलबत्त्यात दोनदा काहीतरी ठेचलं. काका उठले, आत गेले, मघाशी बंद केलेला नळ पुन्हा सोडून पुन्हा बंद केला आणि बाहेर आले. कानसेनाने मान वाकडी करून ते सगळं ऐकलं. मग त्याने हळू आवाजात पुन्हा विचारलं, "का, काका?"

आणि काकांनी सांगून टाकलं. वर्षभर तोंडाला कुलूप लावलेला माणूस एका आंधळ्यापुढे घडाघडा बोलला. कदाचित समोरच्याला आपलं तोंड दिसत नाही, हेच त्यांना सोयीचं झालं असेल. "तीनदा बोलावलं तिने मला," ते शेवटी म्हणाले. "आणि मी वाचत होतो."

"ते रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंत?"

"वेड लागलंय का? मी कशाला ऐकू?"

"मग तीनदा बोलावलं हे कशावरून?"

"मी होतो ना तिथे!"

"तुम्ही वाचत होता," कानसेन म्हणाला. "वाचणाऱ्याला ऐकू येत नसतं. चाळीस वर्षं लोक मला सांगत आले, साहेब असं बोलले, बाई तसं बोलल्या. मी तारेवर होतो, मला माहीत असे काय बोलले ते. आठवणीतलं आणि कानातलं यांचं क्वचित जमतं. शुक्रवारी ते पुसलं की मग तुमच्याजवळ आठवणच उरेल. जन्मभर हीच उरेल. चालेल?"

काकांना ते चालण्यासारखं नव्हतं. ऐकणंही चालण्यासारखं नव्हतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता ते ग्रंथालयाचा जिना चढले तेव्हा दोनदा काही वाजू नये म्हणून ते मनात प्रार्थना करत होते.

काचेबाहेरच्या अंधाऱ्या बाजूला दोघं बसले. काका पहिल्यांदाच काकूंच्या खुर्चीवर. तिथून आतली रिकामी खुर्ची, दिवा, फळी, सगळं लख्ख दिसत होतं. म्हणजे ती आपल्याला रोज पूर्ण बघत होती तर, काकांच्या मनात आलं. ग्रंथपालबाईंनी काकूंची प्रत कपाटातून आणून पुढ्यात ठेवली, रेकॉर्डिंग लावून दिलं आणि शहाणपणाने बाहेर गेल्या.

काकांचा स्वतःचा आवाज सुरू झाला. ठणठणीत, थोडा दिमाखदार. राणीची शेवटची सकाळ. ती उठली, न्हाली, ठेवणीतलं वस्त्र नेसली, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. पान उलटल्याचा आवाज. आणि काचेवर टक, टक.

काकांनी डोळे मिटले. "हे बघा. हे."

"थांबा," कानसेन म्हणाला. "पुस्तक उघडा. मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं ना?"

काकांनी काकूंच्या प्रतीत ते पान काढलं. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, इथे वाक्य संपत होतं. पण पान संपत नव्हतं. खाली अगदी तळाशी आणखी एक ओळ होती. कागद वाचवायला त्या पानावर एक ओळ जास्तीची कोंबली होती आणि ती पानाच्या काठाला टेकली होती. काकांची नजर काचेतून आतल्या फळीवर गेली. त्या बोटभर पट्टीवर. ओळ त्या पट्टीमागे दडली होती. आणि तिच्या शेजारी काकूंच्या प्रतीत, समासात, पेन्सिलीचा एक ठिपका होता. त्याला चिकटून दुसरा.

"राहिली होती ओळ," काका पुटपुटले. "माझी खरंच चूक होती."

दुसऱ्यांदा तोच परिच्छेद वाजला. तीच ओळ पुन्हा राहिली. पुन्हा टक, टक, आता जरा जोरात. मग रेकॉर्डिंगमध्ये काकांचाच चिडका आवाज आला, "काय गं! बरोबर तर वाचतोय!" तो ऐकून काकांनी कपाळावर हात मारला. मग पुस्तक फळीवरून उचलून हातात घेतल्याची खसखस. मग तिसऱ्यांदा तो परिच्छेद, चढ्या आवाजात, आणि त्याच्या शेवटी ती ओळ :

'नवऱ्याला मात्र तिने हाक मारली नाही. मारली असती तर तो आला असता.'

रेकॉर्डिंगमध्ये शांतता पसरली. एरवी काकू लगेच वाजवत. या वेळी काही वाजेना. कानसेनाने मान खाली घातली. आणि मग अगदी हलकेच, काचेवर टक.

एकदाच.

दोघं वाट बघत राहिले. दुसरा ठोका आलाच नाही. त्यानंतर काहीतरी लाकडी कागदावर टेकल्याचा आवाज.

"पेन्सिल," कानसेन म्हणाला. "पडली नाही. ठेवली."

मग काकांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि वाचतच गेला. काकांनी रेकॉर्डिंग बंद केलं. प्रतीत त्या दोन ठिपक्यांपुढे बरोबरची खूण होती, शेपूट नेहमीपेक्षा लांब गेलेली. त्यांना आता आठवलं की त्या दिवशी पेन्सिल पुस्तकाच्या घडीत नीट ठेवलेली होती, काम संपल्यावर ती ठेवत असे तशी. तेव्हा ती दिसूनही दिसली नव्हती.

वर्षभर काका एकाच गोष्टीने झुरत होते, की तिने बोलावलं आणि आपण गेलो नाही. आता कळलं की तिने बोलावलंच नव्हतं. तिची पाठ दुखत होती, छाती भरून आली असेल, समोर लखलखीत उजेडात नवरा दिसत होता, हातात पेन्सिल होती. दोन ठोके दिले असते तर हा माणूस आणखी एकदा मागे गेला असता, चौथ्यांदा अडला असता, चिडून का होईना बाहेर आला असता. तिने एकच दिला. काकूंना नाटकं जमत नसत. त्या ओळीचं आणि त्यांचं काही असेल असं म्हणायला आपल्याजवळ पुरावा नाही. ओळ राहिली होती म्हणून वाजवलं, ओळ आली म्हणून पुढे चला म्हणाल्या. काय होतंय हे त्यांना कळलं होतं की नाही, हे ती काचच जाणे.

काका बराच वेळ रडले. कानसेन तिथेच बसून राहिला.

मग काका नवं रेकॉर्डिंग लावून आत जाऊन बसले. पुस्तक फळीवर न ठेवता हातात धरलं. बाहेर काकूंच्या खुर्चीवर कानसेन बसला. "मला अक्षर दिसत नाही," तो म्हणाला, "पण अडखळलात तर वाजवीन." काकांनी मान वर केली. काचेत त्यांचंच तोंड होतं, सुजलेल्या डोळ्यांचं. त्यांनी दहावं, शेवटचं प्रकरण सुरू केलं.

बाराकामे मित्राच्या घरी येतो. घरात मरण झालंय हे मित्र त्याला सांगत नाही, पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून. हा बापडा खातो, पितो, मोठमोठ्याने गातो. मग एक म्हातारा नोकर चिडून सांगतो की इथे कोण गेलंय. बाराकाम्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो उठतो, थडग्यापाशी जाऊन यमाची वाट अडवतो, त्याच्याशी झोंबतो आणि राणीला हिसकावून आणतो. तोंडावरून पदर घेतलेली बाई राजापुढे उभी करतो. राजा तिला ओळखत नाही. पदर बाजूला होतो तेव्हा ओळखतो, पण ती बोलत नाही. तीन दिवस बोलायचं नाही, असा मेलेल्यांचा नियम.

काका कुठे अडखळले नाहीत. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी दिवा मालवला.

"आणि चौथ्या दिवशी?" बाहेर येताच कानसेनाने विचारलं. "चौथ्या दिवशी ती काय म्हणाली?"

"पुस्तकात नाही."

"असं कसं? नवरा एवढा तिच्यापुढे उभा आहे..."

"छापलंय तेवढं मी वाचलं," काका म्हणाले.

कानसेन काठी पुढे करून जिना उतरू लागला, मागून काका. अर्ध्या जिन्यात वरच्या खिडकीची झडप वाऱ्याने हलली. टक, टक. काका थांबले. एक पाय आपोआप वरच्या पायरीकडे वळला.

"वारा आहे," कानसेन न वळता म्हणाला.

"माहीत आहे मला वारा आहे ते!" काका ओरडले, आणि मग तो आवाज कानसेनासाठी राहिला नाही. "आता वाजवतेस? आता? तेव्हा दोनदा वाजवायचं होतंस गं. मी आलो असतो."

वरून काही आलं नाही. खालच्या पायरीवर कानसेनाची काठी एकदा वाजली. ती वाजणारच, आंधळा माणूस पायरी चाचपूनच पाय टाकतो.

काकांनी वर वळलेला पाय खाली घेतला आणि उतरू लागले.